माह्याच कॉम्प्युटरवर मलेच परवानगी नाही?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापसाची वेचणी जोरात होती, त्यामुळे दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. एक काका मोटरसायकलवर आले. मागे नातू, नातवाच्या मांडीवर सीपीयूचा डबा, आणि डब्याला धूळ लागू नये म्हणून जुनं लुगडं गुंडाळलेलं. डबा काउंटरवर ठेवला अन् म्हणाले, "पाय बरं बाबू याले. पैसे म्या देल्ले, लाइटबिल मी भरतो, अन् हा मलेच म्हनते का तुले परवानगी नाही. कोनाची परवानगी पायजे याले? सरपंचाची?"

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा काढायचा, पीकविमा भरायचा, पोराचा स्कॉलरशिपचा फॉर्म, हे रोजचं. कॉम्प्युटर दुरुस्ती हा काही माझा धंदा नाही, पण गावात दुसरं कोणी नाही म्हणून डबे माझ्याकडे येतात. त्यात ही परवानगीची तक्रार इतक्यांदा आली की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं.

काकांचं प्रकरण असं. मशीन २०१९ चं. विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून तालुक्याला नेऊन त्यात नवी एसएसडी (वेगवान डिस्क) आणि विंडोज ११ टाकून आणलं होतं. जुनी हार्डडिस्क काढली नव्हती, ती आतच डी ड्राइव्ह म्हणून जोडून दिली. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्या जुन्या डिस्कवर, तेही जुन्या डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरात. फोल्डर उघडायला गेलं की पाटी यायची: 'यू डोन्ट करंटली हॅव परमिशन टू ॲक्सेस धिस फोल्डर'. म्हणजे सध्या तुम्हाला हे फोल्डर उघडायची परवानगी नाही.

काकांचा राग मला रास्त वाटला. मशीन त्यांचं, फोटो त्यांचे, मुलगी त्यांची. पण कॉम्प्युटर यातलं काहीच बघत नाही. तो काय बघतो, हे समजायला आपल्या भागात एक सोपी गोष्ट आहे, ती म्हणजे सातबारा.

बापजाद्यापासून तुम्ही एखादं शेत वाहता, धुऱ्यावरचं बाभळीचं झाड कोणी लावलं तेही तुम्हाला ठाऊक असतं. पण बँकेत कर्जाला गेलात की साहेब शेत बघायला येत नाही, कागद मागतो. गाव नमुना सातवर मालक म्हणून कोणाचं नाव आहे, आणि 'इतर अधिकार' या रकान्यात काय काय चढलं आहे, म्हणजे सोसायटीचा बोजा असेल, विहिरीतला हिस्सा असेल, तेवढंच तो वाचतो.

विंडोजच्या डिस्कवर प्रत्येक फाइलचा आणि प्रत्येक फोल्डरचा असाच एक सातबारा असतो. डिस्कवर माहिती मांडून ठेवायची जी पद्धत आहे तिला एनटीएफएस म्हणतात. ती १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर आली आणि घरगुती कॉम्प्युटरवर २००१ च्या विंडोज एक्सपीपासून रुळली. तिच्यात प्रत्येक फाइलसोबत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, मालक कोण. दोन, कोणाला काय करता येईल: कोण नुसतं वाचू शकतो, कोण बदलू शकतो, कोण पुसू शकतो. नवीन फाइल बनवली की तिचे हक्क ज्या फोल्डरात ती बनवली त्याच्याकडून आपोआप येतात. याला इंग्रजीतही 'इनहेरिटन्स' म्हणतात, म्हणजे चक्क वारसा. तेव्हा ही तुलना मी ओढूनताणून आणलेली नाही.

आता मेख इथे आहे. या सातबाऱ्यावर तुमचं नाव नसतं, नंबर असतो. नवीन खातं उघडलं की विंडोज त्याला एक लांबलचक ओळख क्रमांक देते. तो 'एस-१-५-२१' असा सुरू होतो, मधे त्या विंडोजचे स्वतःचे तीन मोठे आकडे, आणि घरच्या मशीनवरच्या पहिल्या खात्याला शेवटी बहुतेक वेळा १००१. मधले आकडे विंडोज टाकताना नव्याने तयार होतात. म्हणून विंडोज नवी टाकली, खात्याला तेच नाव दिलं, तोच पासवर्ड ठेवला, तरी क्रमांक वेगळाच निघतो. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं असतात तशातला प्रकार. नाव सारखं असलं तरी आधार नंबर वेगळा, मग एकाच्या खात्यातले पैसे दुसऱ्याला कसे मिळतील?

काकांच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि त्यातला 'सिक्युरिटी' हा भाग उघडला, तर यादीत दिसलंच: 'अकाउंट अननोन', पुढे तो लांब क्रमांक, आणि माणसाच्या चित्रावर प्रश्नचिन्ह. नव्या विंडोजला हा क्रमांक कोणाचा ते माहीतच नाही. हा अननोन म्हणजे काकाच, पण जुन्या विंडोजमधले काका.

तसं बघितलं तर 'परवानगी नाही'च्या त्या पाटीवरच खाली 'कंटिन्यू' नावाचं बटण असतं. ते दाबलं की विंडोज स्वतःच तुमच्या नव्या खात्याचं नाव त्या फोल्डरच्या आणि आतल्या सगळ्या फाइलींच्या यादीत चढवत जाते. फाइली हजारोंनी असल्या की वेळ लागतो, वर हिरवी पट्टी सरकत राहते, तोवर थांबायचं असतं. काकांनीही ते दाबलं होतं. पट्टी अर्ध्यावर गेली, आणि लाइन गेली. लाइन आल्यावर हळदीचे फोटो उघडू लागले, लग्नाचे उघडेनात. अर्ध्या फाइलींवर नाव चढलं होतं, अर्ध्यांवर नाही. "हळदीचे दिसते अन् लग्नाचे दिसत नाही, हे कोनतं लॉजिक हाय बा?" असं नातू विचारत होता. लॉजिक नव्हतंच, महावितरण होतं.

याचं औषध म्हणजे फेरफार. तलाठ्याकडे फेरफार टाकला की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस जातात. (तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठी तो तलाठीच.) इथे दोन मिनिटांचं काम, कारण मशीनवर ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे सगळ्या अधिकारांचं, खातं तुमचं असेल तर इथले तलाठी तुम्हीच. फोल्डरवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी', खाली 'ॲडव्हान्स्ड'. उघडलेल्या खिडकीत सगळ्यात वर 'ओनर' लिहिलेलं असतं, त्याच्याच बाजूला 'चेंज'. तिथे आपल्या खात्याचं नाव टाकायचं, 'चेक नेम्स' दाबायचं. नाव बरोबर असलं की त्याच्याखाली रेघ येते. मग 'ओके'. परत आल्यावर ओनरच्या खाली एक नवी चौकट उगवलेली दिसते, 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स'. तिच्यावर टिक करायला लोक हमखास विसरतात. ती नसली तर फक्त वरच्या फोल्डरची मालकी बदलते आणि आतला माल जुन्याच नावावर राहतो. टिक करून 'ॲप्लाय', मग सगळ्या खिडक्या बंद करून तीच वाट पुन्हा चालायची. या वेळी 'ॲड' करून आपलं नाव यादीत घालायचं, 'फुल कंट्रोल' द्यायचा, आणि सगळ्यात खालची, चाइल्ड ऑब्जेक्टवाली चौकट टिक करायची, म्हणजे आतल्या प्रत्येक फाइलीला वरचेच हक्क वारशाने लागतात. मालकी आणि हक्क या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मालक झालात म्हणजे फाइल उघडेलच असं नाही, मालकाला यादी बदलायचा अधिकार मिळतो एवढंच.

हे काम मी यूपीएसवर केलं, हे सांगायला नको.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. फेरफाराने सातबारा बदलतो, कुलूप उघडत नाही. जुनी डिस्क जर बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद असेल, आणि हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते कुलूप मालकाच्या नकळतच लागलेलं असतं, तर ४८ आकडी रिकव्हरी की लागते. मालकी घेऊन काही होत नाही. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. विंडोज बदलायला लॅपटॉप देण्याआधी ती शोधून कागदावर लिहून ठेवा. नंतर शोधायची म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

ॲडमिनिस्ट्रेटर मीच, तरी विचारतो कशाला?

दुसरी तक्रार यापेक्षा वेगळी, पण लोक दोन्ही एकत्र करतात. काही इन्स्टॉल करायला गेलं की स्क्रीन काळवंडते, मधोमध चौकट येते आणि विचारते, या ॲपला तुमच्या मशीनमध्ये बदल करू द्यायचे का? किंवा सरळ 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणून मोकळी होते. खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असूनही.

यामागे थोडा इतिहास आहे. एक्सपीच्या काळात घरातलं प्रत्येक खातं बिनधास्त ॲडमिनिस्ट्रेटर असायचं. पोराने गेम टाकला तर त्या गेमलाही सगळ्या मशीनचे हक्क, आणि गेमच्या पोटात व्हायरस असेल तर त्यालाही. पेनड्राइव्हमधून गावभर व्हायरस फिरायचे ते दिवस आठवत असतील. २००७ मध्ये विंडोज विस्टा आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने 'यूजर अकाउंट कंट्रोल' आणलं, थोडक्यात यूएसी. तेव्हा ते पावलोपावली विचारायचं, लोकांनी शिव्या घातल्या, म्हणून २००९ च्या विंडोज ७ मध्ये त्याची तीव्रता कमी-जास्त करायची पट्टी दिली. आजही तीच व्यवस्था चालू आहे.

ती चालते अशी. तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन केलं की विंडोज तुमचे दोन पास तयार करते, एक साधा आणि एक पूर्ण अधिकाराचा. रोजच्या कामाला साधाच पास चालतो: ब्राउझर, वर्ड, गाणी, सगळं त्यावरच. पूर्ण पास खणात असतो. आमचे सरपंच सकाळी पारावर चहा पीत बसतात तेव्हाही सरपंचच असतात, पण शिक्का ग्रामपंचायतीच्या कपाटात. कोणी पारावरच कागद पुढे केला तर म्हणतात, चाल पंचायतीत. स्क्रीन काळी होऊन जी चौकट येते ते पंचायतीत जाणं समजा. 'येस' दाबलं की कपाट उघडतं आणि तेवढ्या एका प्रोग्रामपुरता शिक्का मिळतो. स्क्रीन काळवंडते तेही उगाच नाही. त्या वेळी ती चौकट वेगळ्या पडद्यावर असते, म्हणजे मागे चालू असलेला एखादा लबाड प्रोग्राम तुमच्या वतीने स्वतःच 'येस' दाबू शकत नाही.

बटणावर किंवा आयकॉनच्या कोपऱ्यात निळी-पिवळी ढाल दिसली की समजायचं, इथे शिक्का लागणार. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर (ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकताना ढाल, नंतर रोज अंगठा घेताना नाही. मराठी फॉन्टचंही तसंच: विंडोज १० च्या २०१८ मधल्या आवृत्तीपासून नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं तर फॉन्ट फक्त तुमच्या खात्यात बसतो, ढाल लागत नाही. मग मुलाच्या खात्यातून तीच फाइल उघडली की अक्षरांच्या जागी भलतंच काही दिसतं. सगळ्या घराला हवा असेल तर उजवी क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स', तिथे ढाल आहेच.

काही मशीनवर 'येस' दाबायला पुरत नाही, पासवर्ड किंवा पिन मागितला जातो. म्हणजे तुमचं खातं साधं आहे, 'स्टँडर्ड'. तो मागतो तो पिन ॲडमिनिस्ट्रेटरचा असतो, तुमचा नाही. लोक इथे आपलाच पिन दहादा टाकतात आणि मशीन बिघडलं म्हणून माझ्याकडे येतात.

'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' हे काही झेंडू बाम नाही

यूट्यूबवर कोणत्याही दुखण्याला एकच इलाज सांगतात: उजवी क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. इन्स्टॉल करताना ठीक आहे. पण रोजच्या वापराच्या प्रोग्रामला ही सवय लावली की काय होतं, ते मी एका कृषी केंद्रात डोळ्यांनी पाहिलं आहे.

जून महिना, मृगाचा पाऊस नुकताच पडलेला, काउंटरवर बियाण्यासाठी गर्दी. दुकानदाराकडे हिशोबाचा फार जुना प्रोग्राम होता, विस्टाच्याही आधीचा, आणि त्याच्यावर पाच-सात वर्षांची उधारी चढलेली. त्या दिवशी बिल प्रिंट होईना. भाच्याने यूट्यूब पाहून प्रोग्राम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडला. बिल निघालं. त्याने तसेच आठ-दहा बिलं केली. मग मामांनी एका शेतकऱ्याची मागची बाकी बघायला खातं उघडलं तर खातं कोरं. दुसरं उघडलं, तेही कोरं. सात वर्षांची उधारी गायब! मामा मटकन खुर्चीतच बसले. मला फोन आला तेव्हा पलीकडून आवाजच फुटत नव्हता.

उधारी कुठेच गेली नव्हती. त्या काळातले प्रोग्राम आपला डेटा 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या आपल्याच फोल्डरात लिहायचे. विस्टापासून साध्या पासवर तिथे लिहायला मनाई झाली. असे प्रोग्राम एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक मधली वाट काढली. जुना प्रोग्राम तिथे लिहायला गेला की विंडोज त्याला कळू न देता ती फाइल वापरणाऱ्याच्या खात्यात, 'ॲपडेटा'मधल्या 'लोकल'मधल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात ठेवते. वाचतानाही तिथूनच देते. प्रोग्रामला वाटतं आपण आपल्याच घरात आहोत. पण पूर्ण अधिकाराने उघडलं की मनाईच उरत नाही, म्हणून विंडोजही वळवत नाही, आणि प्रोग्राम खऱ्या फोल्डरातली फाइल उघडतो. ती सात वर्षांपूर्वी इन्स्टॉल केली तेव्हाची कोरी फाइल. एकाच दुकानात दोन वह्या, आणि कोणती उघडेल ते तुम्ही दार कोणत्या बाजूने उघडलं त्यावर.

प्रोग्राम बंद करून नेहमीसारखा उघडला, उधारी जागेवर. मामांनी आधी हनुमानाच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या आठ-दहा बिलांच्या नोंदी मात्र दुसऱ्या वहीत गेल्या होत्या, त्या हाताने पुन्हा कराव्या लागल्या. नंतर एका रविवारी व्हर्च्युअलस्टोअरमधला डेटा बाहेर काढला, दोन पेनड्राइव्हवर उतरवून ठेवला, आणि प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'ऐवजी सी ड्राइव्हवर एक वेगळं फोल्डर करून तिथे बसवला. अशा फोल्डरात साध्या पासवरही लिहिता येतं, त्यामुळे वळवावळवीचा प्रश्नच राहिला नाही. एखाद्या जुन्या प्रोग्राममधून अचानक नोंदी गेल्या तर तो नवीन टाकण्याआधी व्हर्च्युअलस्टोअर बघा. ॲपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं, एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक केली की दिसतं.

परवानगीचा वेश घेतलेली दुसरी दुखणी

दर वेळी न उघडण्याचं कारण परवानगीच असतं असं नाही. पाटी नीट वाचली की निम्मं निदान होतं. पाटीवर फाइल 'ओपन इन' अमुक प्रोग्राम असं लिहिलं असेल तर ती फाइल दुसरीकडे उघडी आहे. तो प्रोग्राम बंद करा, नाहीतर मशीन एकदा रीस्टार्ट करा. 'करप्टेड अँड अनरीडेबल' लिहिलं असेल तर हक्कांना हात लावू नका. लाइन झटका देऊन गेली असेल आणि डिस्कवरची मांडणी विस्कटली असेल. आधी जमेल तेवढी माहिती दुसरीकडे उतरवून घ्या, मग ड्राइव्हच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टूल्स', तिथे 'चेक'. आमच्याकडे उन्हाळ्यात या पाटीचे डबे जास्त येतात.

कॅमेऱ्याच्या कार्डावर काही लिहिलं जात नसेल तर कार्डाच्या कडेचा एवढासा खटका बघा. तो खाली सरकला की कार्ड लिहू देत नाही. फोटो स्टुडिओवाला एक मित्र यापायी नवं कार्ड घेऊन आला होता. लग्नाचा एक मोठा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नसेल, बाकी सगळं जात असेल, तर पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा आहे, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. पेनड्राइव्हवर बहुतेक वेळा सातबारा नसतोच, फॅट३२ मध्येही नाही आणि एक्सफॅटमध्येही नाही, त्यामुळे तिथे परवानगीचं भांडण सहसा होत नाही.

आणखी एक म्हणजे 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. विंडोज सिक्युरिटीमध्ये खंडणीखोर व्हायरसपासून बचाव म्हणून ही सोय आहे. ती मुळात बंद असते. पण कोणी चालू केली असेल तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करू देत नाही, मग तुम्ही कितीही ॲडमिनिस्ट्रेटर असा. तिथे त्या प्रोग्रामला यादीत घालावं लागतं.

अतिशहाण्यांचे इलाज

शाळेतले एक सर. घरच्या मशीनवर घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका होत्या, घरात त्याच वर्गातला मुलगा. सरांनी 'सिक्युरिटी'त जाऊन 'एव्हरीवन' या नावापुढे 'डिनाय'च्या सगळ्या चौकटी टिक केल्या. मुलगा अडकला, आणि सरही अडकले. एव्हरीवन म्हणजे सगळे, सर धरून. आणि त्याच यादीत 'अलाव' आणि 'डिनाय' दोन्ही असतील तर डिनायचीच सरशी होते. तलाठ्याकडे सगळे कागद आहेत पण कोर्टाची स्थगिती आहे, तसं. सरांचं नशीब की फोल्डरचे मालक तेच होते. मालकाला यादी वाचायचा आणि बदलायचा हक्क डिनाय लावूनही उरतो. टिक काढल्या, सुटले. माझं मत विचाराल तर घरच्या मशीनवर डिनायला हातच लावू नये. मुलाचं खातं वेगळं केलं की झालं. एका साध्या खात्यातून दुसऱ्याच्या डॉक्युमेंट्समध्ये शिरता येत नाही.

याच्या उलट टोकाचे लोक सगळ्या सी ड्राइव्हलाच एव्हरीवनला 'फुल कंट्रोल' देऊन टाकतात, कटकट नको म्हणून. गावाच्या सगळ्या शेतांचे धुरे एकदम मोडल्यासारखं ते. आणि 'विंडोज' फोल्डरातली एखादी फाइल पुसताना 'ट्रस्टेडइन्स्टॉलर'ची परवानगी लागेल अशी पाटी आली तर तिथे फेरफाराचा मोह आवरा. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची मालकी विस्टापासून मुद्दाम त्या नावावर ठेवली आहे, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरलाही चुकून पुसता येऊ नये. जागा कमी पडत असेल तर 'डिस्क क्लीनअप' वापरा. 'विंडोज' फोल्डरातली फाइल हाताने पुसलेली मशीनं मी पाहिली आहेत. त्यातली काही पुन्हा विंडोज टाकल्यावरच सुरू झाली.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल तर बोलायलाच नको. आधी अँटिव्हायरस बंद करा, मग रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करा, असं लिहिलेलं असतं. म्हणजे राखणदाराला सुटी द्या, किल्ली आमच्या हातात द्या. फोनवरून 'बँकेचा माणूस' बोलतो आणि स्क्रीनवर येस दाबायला सांगतो, तेव्हाही मागितला जातो तो तोच शिक्का.

घरी दोन खाती ठेवा, एवढं मी सगळ्यांना सांगतो. एक ॲडमिनिस्ट्रेटरचं, त्याचा पिन मोठ्या माणसाकडे. दुसरं साधं, रोजच्या वापराचं. मात्र एकुलतं एक ॲडमिनिस्ट्रेटर खातं साधं करून टाकू नका. मग काळ्या स्क्रीनवरच्या चौकटीत 'येस' बटण पुसट होतं आणि पिन टाकायला जागाच दिसत नाही. सासूने चावी विहिरीत टाकली अन् सून बाहेर, अशी गत. खातं आहे पण पासवर्ड विसरला असेल तर सोपं आहे: मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर मोबाइलवरून बदलता येतो, आणि मशीनपुरतंच खातं असेल तर लॉगिनच्या पानावर सुरुवातीला विचारलेले प्रश्न समोर येतात. कुठूनच दार उघडलं नाही तर शेवटचा उपाय 'रीसेट धिस पीसी'. त्यात फाइली आणि टाकलेले प्रोग्राम, दोन्ही जातात.

काकांचे फोटो संध्याकाळपर्यंत सगळे उघडले. नातू एकेक करून पुढे सरकवत होता, आणि काका प्रत्येक फोटोत कोण वारलं, कोण पुण्याला गेलं, ते सांगत होते. बंद करण्याआधी मी यादी पुन्हा एकदा दाखवली. वर काकांचं नवं नाव, खाली अजूनही तो प्रश्नचिन्हवाला अननोन.

"हा कोन हाय?" काका म्हणाले.

"तुम्हीच, काका. जुने."

काकांनी चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं. "काढून टाक बा त्याले. उद्या हिस्सा मागाले यीन."

मी 'रिमूव्ह' दाबलं.